प्राध्यापकांची संघटना : कोणाची आणि कशासाठी?

'युनियन' हा शब्द आपल्या महाविद्यालयात उच्चारला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे लांबलेल्या परीक्षा आणि रखडलेले निकाल उभे राहतात, तर प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे वेतनश्रेणी, थकबाकी आणि निवेदनांची बाडे. या दोन्ही चित्रांत थोडेफार तथ्य आहे. तथापि संघटना म्हणजे एवढेच, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती मला मान्य नाही. मी अर्थशास्त्र शिकवते. बाजारात भाव कसा ठरतो हे वर्षानुवर्षे फळ्यावर आकृत्या काढून सांगणाऱ्या आम्हा मंडळींना स्वतःच्या श्रमाचा भाव कसा ठरतो, तो ठरवताना आपण कोठे बसलेले असतो आणि आपल्यापैकी कोणाला त्या वेळी बोलता येते, याचा विचार करावासा वाटू नये, ही मोठी गंमत आहे. तो विचार उघडपणे मांडावा, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शिक्षकांच्या संघटनेची कसोटी मोर्च्याच्या लांबीवर लागत नाही. ती दोन साध्या प्रश्नांवर लागते. स्टाफरूममधील सर्वांत शेवटच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला तेथे मत आहे काय? आणि ज्या कागदावर आपले भवितव्य ठरते तो कागद सामान्य सभासदाला वाचता येतो, त्यावर प्रश्न विचारता येतो, असे शिक्षण संघटना देते काय? पहिला प्रश्न समतेचा आहे, दुसरा वाटाघाटीच्या कौशल्याचा. हे दोन वेगळे विषय नाहीत, हेच मला पुढे दाखवायचे आहे.

प्रथम एका जुन्या आक्षेपाचा विचार करू. गुरूने मागायचे नसते, असे आपल्याकडे मानतात. विद्यादान हे दान आहे आणि दानाचा भाव करणे हलकेपणाचे, असे सांगणारे ज्येष्ठ सहकारी मला भेटले आहेत. त्यांच्याविषयी आदर ठेवून म्हणावेसे वाटते की, दान तोच करू शकतो ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटते. ज्याला महिन्याच्या शेवटी मानधन मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याच्याकडून दानाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या ताटातले काढून आपण पुण्य कमावणे होय. आणि भाव करण्यात कमीपणा कसला? खडेबाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेणारी आमचीच प्राध्यापक मंडळी प्राचार्यांच्या दालनात गेली की एकाएकी निःस्पृह होतात! वस्तुतः तो निःस्पृहपणा नसतो. तेथे काय आणि कसे बोलावे हे कोणी शिकवलेलेच नसते.

हे शिकवता येते याचे एक उदाहरण मला दूरच्या शिकागो शहरात सापडते. त्या शहराच्या शिक्षकांचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्यात यशाबरोबर दोषही आहेत, म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे.

१८९७ साली तेथील प्राथमिक शिक्षिकांनी 'शिकागो टीचर्स फेडरेशन' स्थापन केले. तिच्या सभासद बहुतांशी स्त्रिया होत्या आणि त्यांना तेव्हा शहराच्या कारभारात मतदानाचा हक्कही नव्हता. कत्तलखान्यांच्या वस्तीत वर्षानुवर्षे शिकवणारी मार्गारेट हेली आणि तिची सहकारी कॅथरीन गॉगिन या दोघींनी पगारवाढ मागितली, तेव्हा शिक्षण मंडळाने तिजोरीत पैसा नाही असे नेहमीचे उत्तर दिले. हे उत्तर आपल्यालाही अपरिचित नाही. मात्र त्या दोघी हे उत्तर ऐकून परत फिरल्या नाहीत. पैसा का नाही, याचा शोध घेण्यासाठी त्यांनी कराची दप्तरे उघडली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, शहराचे रस्ते वापरून व्यवसाय करणाऱ्या गॅस, वीज, ट्राम वगैरे बड्या कंपन्या आपल्या सवलतींच्या मूल्यावर कर भरतच नाहीत. त्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि १९०१ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. वसूल झालेला पैसा मंडळाने पगाराऐवजी दुसरीकडे वळवला, तेव्हा शिक्षिका पुन्हा न्यायालयात गेल्या आणि १९०४ साली तेथेही जिंकल्या. दरम्यान १९०२ साली त्यांनी शहराच्या कामगार महासंघाशी नाते जोडले, कारण स्वतःला मत नसले तरी कामगारांना होते.

वाटाघाटीचा पहिला धडा येथे मिळतो. समोरचा 'पैसा नाही' म्हणतो तेव्हा हिशेब मागावा, आणि तो वाचता येण्याइतकी तयारी घरून करून जावे. १९०४ साली सेंट लुई येथे राष्ट्रीय शिक्षण संघटनेपुढे हेलीने जे भाषण केले, त्यात तुटपुंज्या पगाराइतकाच भर नोकरीची अशाश्वती, खचाखच भरलेले वर्ग आणि शिक्षकाला हुकूम पाळणारे यंत्र समजण्याची वृत्ती यांवर होता. पगार आणि अध्यापनाची प्रतिष्ठा हे एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत, हे तिने ओळखले होते. याची किंमतही त्या शिक्षिकांनी मोजली. १९१५ साली मंडळाने शिक्षकांना अशा संघटनेचे सभासद होण्यास बंदी केली, पुढच्या वर्षी ६८ शिक्षकांना कामावरून दूर केले, आणि १९१७ साली फेडरेशनला कामगार महासंघाशी असलेले नाते तोडावे लागले. त्याच वर्षी राज्याने शिक्षकांच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण दिले, हे त्या झगड्याचेच फळ होय.

आता त्याच शहराची दुसरी, कमी गौरवाची कथा. १९३७ साली वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 'शिकागो टीचर्स युनियन' झाली. तिला १९६६ साली सामूहिक वाटाघाटींचा हक्क मिळाला. परंतु त्या काळात शहरातील कृष्णवर्णीय शिक्षकांपैकी फार मोठा वर्ग 'बदली शिक्षक' म्हणून वर्षानुवर्षे राबत होता. वर्ग पूर्ण वेळेचा, काम पूर्ण वेळेचे, पगार मात्र कमी आणि नोकरीची शाश्वती नाही. कायम होण्यासाठी परीक्षा होती, आणि तिच्या तोंडी भागात आपल्याला अडवले जाते अशी त्यांची तक्रार होती. युनियनचे लक्ष तेव्हा कायम शिक्षकांच्या पगाराकडे होते. अखेर १९६८ साली या बदली शिक्षकांनी स्वतःच काम बंद पाडले, तेव्हा कोठे मंडळाप्रमाणेच युनियनलाही जाग आली. १९८४ साली जॅकलीन व्हॉन ही कृष्णवर्णीय शिक्षिका त्या युनियनची अध्यक्ष झाली. म्हणजे संघटना असली की समता आपोआप येते असे नव्हे. संघटनेच्या आतही एक दार असते आणि तेही ठोठवावे लागते.

ही बदली शिक्षकांची हकीकत वाचताना मला शिकागो आठवत नाही, आपली स्टाफरूम आठवते. आमच्याकडे त्यांना 'अतिथी उपन्यासक' म्हणतात. पलीकडे चंदगड-गडहिंग्लजच्या बाजूला, जेथे शिवाजी विद्यापीठाची हद्द सुरू होते, तेथे 'तासिका तत्त्वावरील' म्हणतात. नाव काहीही असो, आमच्या 'अतिथी'ला आदरातिथ्य कोठलेच लाभत नाही! मीही सुरुवातीची काही वर्षे एका महाविद्यालयात अशीच काढली आहेत. तेथे सुट्टीच्या महिन्यांत मानधन नव्हते, मस्टर वेगळे होते आणि प्राध्यापकांच्या सभेची सूचना आमच्यापर्यंत येत नसे. संघटनेचे पदाधिकारी सौजन्याने वागत, चहाही पाजत. पण सभासद करून घ्या म्हटले की नियमावली दाखवत. ही कोण्या एका संस्थेची कथा नाही, म्हणून नाव घेण्यात अर्थ नाही.

वाटाघाटीचे कौशल्य नसले की काय होते, हे जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच राज्यात दिसले. सरकारी प्रथम दर्जा महाविद्यालयांतील अतिथी उपन्यासकांच्या आंदोलनानंतर शासनाने त्यांचे मासिक मानधन ११ ते १३ हजारांवरून पात्रता आणि अनुभव यांनुसार २६ ते ३२ हजारांपर्यंत वाढवले. बातमी ऐकून सर्वांना आनंद झाला, आणि तो रास्तच होता. परंतु त्याच निर्णयात आठवड्याचे तास आठ-दहावरून पंधरा करण्यात आले होते. याचे गणित प्रथम वर्षाचा विद्यार्थीही करील. एखाद्या ठिकाणी आठवड्याला तीनशे तासांचे काम असेल, तर दहा तासांच्या हिशेबाने तीस माणसे लागतात आणि पंधरा तासांच्या हिशेबाने वीस. उरलेल्या दहांचे काय? वाढ मिळाली ती त्यांच्यापैकी कित्येकांच्या जागेच्या मोबदल्यात. आंदोलन करणाऱ्यांचा मी उपमर्द करीत नाही, रस्त्यावर बसण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. मुद्दा असा की, वाटाघाटीत केवळ वरचा आकडा पाहायचा नसतो, खालचे कलमही पाहायचे असते. आणि ते पाहण्याची सवय एका रात्रीत लागत नाही.

आपल्या देशात शिक्षकांची कायदेशीर स्थितीही विचित्रच आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात 'उद्योग' या शब्दाची व्यापक व्याख्या केली आणि शिक्षणसंस्थाही तीत आल्या. पण १९८८ साली गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले, तेव्हा शिक्षक हा औद्योगिक कलह कायद्यातील 'कामगार' नव्हे असा निर्णय झाला. म्हणजे शाळा हा उद्योग, शाळेतला शिपाई कामगार, कारकून कामगार, शिक्षक मात्र नाही! शिक्षकांच्या गाऱ्हाण्यांसाठी कायद्याने योग्य यंत्रणा असावी, असे न्यायालयाने त्या निकालात सुचवले होते हेही नमूद केले पाहिजे. ग्रॅच्युइटीचेही तेच झाले. २००४ साली अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात, शिक्षक त्या कायद्यातील 'कर्मचारी' नाहीत असे ठरले. पुढे २००९ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. संस्थांनी त्यालाही आव्हान दिले आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. एका शब्दाच्या अर्थासाठी अठरा वर्षे! भाषा शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी तरी कायद्याच्या भाषेकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला यावरून वाटते.

ज्यांच्यासाठी वाटाघाटीचे टेबलच कायद्याने मांडलेले नाही, त्यांना वाटाघाटीचे शिक्षण काय कामाचे, असे कोणी विचारील. माझे उत्तर उलट आहे. ज्याला टेबल मिळालेले नाही त्याला अर्ज, निवेदन, सभा, विधानसभेतील प्रश्न, न्यायालय अशा अनेक दारांनी जावे लागते, आणि प्रत्येक दारी वेगळी भाषा बोलावी लागते. त्याला हे शिक्षण जास्तच हवे.

शिकागोच्या कथेचा तिसरा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०१० साली कॅरेन लुईस ही रसायनशास्त्राची शिक्षिका युनियनची अध्यक्ष झाली. पुढच्याच वर्षी राज्याने असा कायदा केला की, एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांनी होकार दिल्याखेरीज तेथील शिक्षकांना संप करता येणार नाही. मत न देणाराही विरोधात धरला जाणार. ही अट कधी पुरी व्हायची नाही, अशी तिच्या पुरस्कर्त्यांची समजूत होती. युनियनने वर्षभर शाळाशाळांतून सभासदांशी बोलणे चालवले, पालकांच्या सभा घेतल्या, फेब्रुवारी २०१२ मध्ये 'शिकागोच्या विद्यार्थ्यांना कशा शाळा हव्यात' या विषयावर अभ्यासपूर्ण पुस्तिका काढली, आणि बोलणीला केवळ वकील व पदाधिकारी न पाठवता वर्गात शिकवणाऱ्या साध्या शिक्षकांचे मोठे मंडळ नेले. जूनमध्ये मतदान झाले तेव्हा एकूण सभासदांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी संपाच्या बाजूने मत दिले. सप्टेंबरात सात शालेय दिवस सुमारे २६ हजार शिक्षकांचा संप झाला. मागण्यांत पगार होताच, पण शाळेच्या पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तके मिळावीत, कला-संगीताचे शिक्षक असावेत, कमी केलेल्या शिक्षकांना पुन्हा घेताना प्राधान्य मिळावे, असेही मुद्दे होते. त्या शहरात कृष्णवर्णीय शिक्षकांचे प्रमाण २००० साली सुमारे ४० टक्के होते, ते दहा वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास आले होते. म्हणून शिक्षकवर्गातील वैविध्य हाही वाटाघाटीचाच विषय झाला होता.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती संपाच्या अखेरची गोष्ट. रविवारी कराराचा मसुदा प्रतिनिधींच्या सभेपुढे आला. नेत्यांनी तडजोड केली होती, वर्तमानपत्रे घाई करीत होती. प्रतिनिधी म्हणाले, आमच्या सभासदांनी हे वाचल्याशिवाय आम्ही हात वर करणार नाही. पुढचे दोन दिवस शिक्षक आपापल्या शाळांसमोरच्या फुटपाथवर घोळक्याने बसून एकेक कलम वाचत होते. मंगळवारी सभेने संप मागे घेतला. सभासदांना कागद वाचायला शिकवणे म्हणजे काय, याचा याहून चांगला वस्तुपाठ मला ठाऊक नाही.

अर्थात शिकागोचे अनुकरण येथे जसेच्या तसे होणार नाही. तेथे वंशाचा प्रश्न आहे, आपल्याकडे जातीचा, भाषेचा आणि स्त्री-पुरुष भेदाचा. आपल्या स्टाफरूममध्ये मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलणारे एकाच कपाटातून हजेरीपट घेतात. सीमाप्रश्नाविषयी आपली मते काहीही असोत, आणि ती प्रत्येकाला असावीत, पण महिनाअखेरीस मानधन थकते तेव्हा ते भाषा पाहून थकत नाही. तरीही सभेत एका भाषेचे लोक बोलतात आणि दुसऱ्या भाषेचे माना डोलावतात, हे मी पाहिले आहे. ज्याला विषय येतो पण सभेची भाषा सफाईने येत नाही तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला संमती समजले जाते. काही ठिकाणी तर भाषेगणिक आणि जातीगणिक वेगळी मंडळे होतात, व्यवस्थापनाला एकेकाशी वेगळे बोलणे सोपे जाते, आणि मग प्रत्येकाच्या पदरात निम्मेच पडते.

यावर काय करावे, याविषयी माझ्या काही साध्या सूचना आहेत. त्यांना पैसा लागत नाही, इच्छा लागते. पहिली सूचना अशी की, संघटनेची प्रत्येक सूचना आणि सभेचे इतिवृत्त कन्नड व मराठी या दोन्ही भाषांत निघावे. आपले हे वार्षिक दोन विभागांत निघू शकते, तर एक पानाची सूचना का निघू नये? दुसरी, अतिथी उपन्यासकांना कमी वर्गणीत पण पूर्ण मताधिकारासह सभासद करून घ्यावे. अर्धे मत देणे म्हणजे अपमान पूर्ण करणे. तिसरी, सभा सायंकाळी साडेसहाला न ठेवता दुपारच्या सुट्टीत ठेवाव्या. सायंकाळी स्त्री-सहकाऱ्यांना घर गाठायचे असते आणि खेडोपाडी राहणाऱ्यांना शेवटची बस. 'बायका सभेला येतच नाहीत' हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ते बोलणाऱ्यांनी एकदा घड्याळाकडे पाहावे.

चौथी सूचना वाटाघाटीच्या अभ्यासवर्गाची. महिन्यातून एक तास, एक कागद. एकदा वेतनाचा शासकीय आदेश, एकदा संस्थेचा ताळेबंद, एकदा प्रॉव्हिडंट फंडाची पावती, एकदा आरक्षणाची बिंदुनामावली. अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार, अशी मार्गदर्शक सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली काढली. ती आपल्यापैकी किती जणांनी वाचली? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लावले, त्या निकालाचा सारांश कोणाच्या टाचणवहीत आहे? अभ्यासवर्गात एकाने प्राचार्य व्हावे, एकाने संस्थेचा चिटणीस, आणि दोघांनी मागणी मांडून पाहावी. कोठे आवाज चढतो, कोठे शब्द अडतो, हे तेथेच कळेल. आणि खऱ्या बोलणीला कधीही एकट्याने जाऊ नये. दोघे-तिघे जावेत, त्यांत एक स्त्री आणि एक अतिथी उपन्यासक असावा, एकाने बोलावे, एकाने टिपून घ्यावे, आणि सभासदांना दाखवल्याशिवाय सही करू नये.

यात विद्यार्थ्यांचे नुकसान होणार नाही काय? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. २०१३ साली महाराष्ट्रात प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला, तेव्हा विद्यार्थी हवालदिल झाले होते, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. माझे मत असे की, ज्या संघटनेचा अभ्यास कच्चा असतो तिला शेवटचे हत्यार प्रथम उपसावे लागते. ज्या संघटनेचे सभासद वाचतात, मोजतात आणि पालकांशी आधी बोलतात, तिचे बरेचसे काम संपावाचून होते, आणि संप झालाच तर लोक त्याचे कारण जाणतात. दुसरे असे की, दर जूनला बदलणारा आणि मार्चमध्ये सुटणारा शिक्षक विद्यार्थ्यांना काय देऊ शकेल? त्याची अशाश्वती हे विद्यार्थ्यांचेच नुकसान आहे. ते हळूहळू होते, म्हणून त्याची बातमी होत नाही, इतकेच.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण बी. एड. कराल, नेट-सेटची तयारी कराल आणि एक दिवस कोठल्या तरी स्टाफरूममध्ये शेवटच्या खुर्चीवर बसाल. त्या दिवशी तुमच्यापुढे नेमणुकीचा एक कागद येईल आणि 'येथे सही करा' असे कोणी घाईने सांगेल. तो कागद आधी पूर्ण वाचा. समजले नाही तर शेजारच्याला विचारा, मग तो मराठी असो वा कन्नड. आणि शेजारच्यालाही समजले नाही, तर दोघांनी मिळून सही करण्यापूर्वी एक दिवसाची मुदत मागा.